पाचव्या गाण्याआधी

मागच्या महिन्यात एका दुपारी माझा मुलगा निखिल लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. मी मेथी निवडत बसले होते. "आई, तुझ्या जमान्यातलं काहीतरी सापडलंय, ऐक," असं म्हणून त्याने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. निखिल तिशीचा आहे, बँकेत आहे, आणि जुन्या रॉक कार्यक्रमांची प्रेक्षकांनी चोरून केलेली रेकॉर्डिंग जमवणं हा त्याचा नाद आहे. असे नादिष्ट जगभर आहेत म्हणे. कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेट शोधून काढतात, वर एक चित्र चिकटवतात आणि अल्बम म्हणून इंटरनेटवर ठेवून देतात. हा अल्बम एका परदेशी गिटारवाल्याचा होता, अंधेरीच्या मैदानावरचा. खाली लिहिलं होतं, रेकॉर्डिंग प्रेक्षकांमधून, सौजन्य घाटकोपरचा दीपक. ते वाचूनच माझा हात थांबला. निखिलने मधलं एक गाणं लावलं, ते संपत आलं तसं म्हणाला, "आता ऐक हं, खरी मजा इथे आहे," आणि लॅपटॉपमधून आवाज यायच्या आत त्यानेच घसा बारीक करून म्हणून दाखवलं, "सॉरी साहेब." त्याच्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना असंच म्हणतात. कुणाला उशीर झाला की सॉरी साहेब, कुणाच्या पायावर पाय पडला की सॉरी साहेब. अल्बमच्या खालीही लोकांनी तेच लिहून ठेवलंय.

माझा मुलगा स्वतःच्या आजोबांची नक्कल करत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. मी उठले आणि बंद असलेला गॅस पुन्हा बंद केला. निखिलने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मेथीत माती फार आहे. त्याला सगळं सांगायला मला चार दिवस लागले. इथेही मी हे प्रकरण टाळून पुढे जाणार होते, दोनदा टाळलंही, पण मग त्या काळाबद्दल मी जे काही लिहीन ते अर्धवट होईल. तेव्हा लिहून टाकते.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. ती बिल्डिंग आता रीडेव्हलपमेंटमध्ये गेली आणि तिथे वीस मजल्यांचा टॉवर झालाय, ज्याच्या बाराव्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय. आम्ही तिघंच होतो. बाबा विक्रोळीच्या एका लहानशा कंपनीत स्टोअरकीपर होते. बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी होती ती. दिवसभर खोक्यांमध्ये वावरल्यामुळे त्यांच्या शर्टाला पुठ्ठ्याचा वास यायचा. बाबा मऊ बोलायचे, सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे. स्टोअर्समधल्या हमालांना बाळांनो, जिन्यातल्या मांजराला बाळा, एकदा तर मीटर बघायला आलेल्या मिशीवाल्या माणसाला. आई याच्या उलट, तोंडाने तिखट आणि कानाने त्याहून. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते ती पोळी न सोडता सांगायची. मी आईवर गेलेय, असं सगळे म्हणतात. कानाच्या बाबतीत ते खरं नाही हे पुढे दिसेलच.

बाबांचं एकच व्यसन, रेकॉर्डिंग. त्यांच्याकडे हातात मावेल एवढा कॅसेट रेकॉर्डर होता. कॉलनीच्या गणपतीतलं गाणं, शाळेच्या हॉलमधला नाट्यसंगीताचा कार्यक्रम, शेजारच्या मुंजीतली पेटी, जिथे जातील तिथे बाबा तिसऱ्या-चौथ्या रांगेत रेकॉर्डर मांडीवर घेऊन, वर हातरुमाल टाकून बसलेले असायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. माइकवर एकच घडी टाकायची, दोन टाकल्या तर आवाज कोंडतो. स्पीकरच्या तोंडासमोर बसायचं नाही. आणि रेकॉर्ड करणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही, फक्त मान हलवायची. मग रविवारी दुपारी जेवणं झाली की ती टेप लागायची. समोरच्या दारातले सामंतकाका न चुकता यायचे. ते पोस्टातून रिटायर झालेले, बायको गेलेली, एकटे. गाणं कुणाचंही असो, आमच्या घरात खरा रस असायचा तो मागच्या लोकांत. टेपवर कुणी खोकलं, कुणी 'वा' म्हणालं, कुणाचं पोर रडलं, ते कोण हे ओळखायचं. सामंतकाका ओरडून टेप मागे घ्यायला लावायचे, पुन्हा लाव, पुन्हा लाव. बहुतेक वेळा आईच जिंकायची. एकदा तिने नुसत्या बांगड्यांवरून सांगितलं होतं की या पहिल्या माळ्यावरच्या वहिनी आणि त्या मधूनच उठून गेल्या. गेल्या होत्याच.

रविवारी आमच्याकडे मासे असायचे. सुरमई किंवा पापलेट, नाहीतर हलवा. आई स्टेशनजवळच्या मार्केटात जाऊन कोळणीशी भांडून आणायची, आणि त्या भांडणाचं वर्णन जेवताना व्हायचं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी गणपती झाले आणि सुरमई बंद झाली. मग बोंबील आले, मग मांदेली, मग कधीकधी सुकट घालून वांगं. बाबा म्हणाले कंपनीत पगार मागेपुढे होतायत, ओव्हरटाइम करावा लागतोय. ते रोज डबा घेऊन निघायचे, कधी सातला परत यायचे, कधी अकराला. मला सुकटीचं वांगं आवडायचं, त्यामुळे मला कशाचाच संशय आला नाही. सगळं समोर होतं आणि मी ताट पुसून खात होते.

त्या काळात माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, गिटार आणि दीपक. दीपक हा माझ्या मैत्रिणीचा, मनीषाचा मोठा भाऊ. घाटकोपरला राहायचे ते. केस मानेवर रुळायचे, जीन्स गुडघ्यावर फाटलेली, आणि त्याच्या खोलीत दोन कॅसेटची डेक होती, जिच्यावर तो सगळ्यांना कॉप्या करून द्यायचा. कर्कश गिटारची आवड मला त्याच्यामुळेच लागली. पण हळूहळू ती माझी स्वतःची झाली, हे त्या मुलीच्या बाजूने सांगायला हवं. तो गिटारवाला अंधेरीला येणार म्हटल्यावर आम्ही तिघं पंधरा दिवस दुसरं काही बोललो नाही. आई नाही म्हणत होती. बाबांनी विचारलं, बरोबर कोण आहे, परत कसे येणार, मैदानाच्या कुठल्या बाजूला उभे राहणार. मला वाटलं ते नाही म्हणण्याची तयारी करतायत. पण ते म्हणाले, जाऊ दे तिला. वर म्हणाले, त्या दिवशी मलाही ओव्हरटाइम आहे, उशीर होईल. मी त्यांना विचारून त्यांचा रेकॉर्डर नेला नाही. गुपचूप शबनम पिशवीत टाकला, वर एकच घडीचा रुमाल. त्यांना नंतर टेप ऐकवून चकित करायचं असं मी ठरवलं होतं.

त्या संध्याकाळबद्दल मी तासभर लिहू शकते, पण लिहिणार नाही. आम्ही चार वाजल्यापासून उभे होतो, अगदी पुढे, बांबूंच्या कुंपणाला टेकून. कुंपणाच्या पलीकडे सिक्युरिटीची माणसं ओळीने उभी होती, खाकी कपडे, टोप्या, तोंडं आमच्याकडे. अंधार पडल्यावर स्टेजचे दिवे त्यांच्या पाठीमागून येत, त्यामुळे ती नुसती काळ्या आकृत्यांची रांग दिसायची. पहिली तार वाजली तेव्हा माझ्या छातीचं हाड थरथरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी ओरडले, म्हणजे मनातल्या मनात, कारण पिशवीतला रेकॉर्डर चालू होता आणि मी बाबांचा नियम पाळत होते. चार गाणी मी नुसती मान हलवली. चौथं गाणं संपलं, गिटारवाल्याने तार लावायला घेतली आणि मैदान क्षणभर शांत झालं. मागून रेटारेटी चालू होती. समोरच्या वॉचमनपैकी एकजण काहीतरी म्हणाला, दीपकने त्याला उत्तर दिलं आणि मी हसले. दीपक बोलला म्हणून हसले. मग पाचवं गाणं सुरू झालं आणि मी ते सगळं विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी दीपकने माझ्या टेपची कॉपी करून घेतली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी घरी जाहीर केलं की येत्या रविवारी माझी टेप लागणार. बाबा नखं कापत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, रेकॉर्डर कुठे धरला होता. पिशवीत, छातीशी. कुंपणापासून किती लांब. चिकटूनच. मला वाटलं ते गुरू म्हणून विचारतायत. मग म्हणाले, एवढ्या गोंगाटात रेकॉर्डरचं हेड खराब होतं, ती टेप लावू नकोस, पुसून टाक. मी भांडले. तुम्हाला माझं संगीत म्हणजे गोंगाटच वाटणार, असं काहीतरी म्हणाले. ते पुन्हा नखं कापू लागले.

रविवारी मांदेली होती, तळलेली, आणि सोलकढी. जेवणं झाल्यावर सामंतकाका आले. बाबा उठले, म्हणाले जरा खाली जाऊन येतो. सामंतकाकांनी त्यांचा हात धरून बसवलं. "अहो बसा हो, पोरीने पहिल्यांदा काहीतरी रेकॉर्ड केलंय." बाबा बसले. ते भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसले होते, आणि मी टेप लावली. पहिलं गाणं सुरू होताच आईने कानांवर हात ठेवले. सामंतकाका म्हणाले हे वाजवतायत की फोडतायत. मी चिडून त्यांना समजावत होते. चार गाणी त्यांनी सहन केली, माझ्या प्रेमाखातर. मग चौथं संपलं, तार लावण्याचे टणटण आवाज आले आणि त्या शांततेत एक माणूस अगदी स्पष्ट बोलला.

सामंतकाका ताठ बसले. त्यांना त्यांचा खेळ सापडला होता. "थांब थांब. मागे घे. हा आवाज ओळखीचा आहे."

मी टेप मागे घेतली. हे मी माझ्या बोटाने केलं, आणि मला तोपर्यंत काहीही कळलेलं नव्हतं. एखादा आवाज ओळखायचा तर तो माणूस तिथे असू शकतो असं आधी मनात यावं लागतं, आणि माझ्या मनात बाबा विक्रोळीला होते. मी बटण दाबलं. टेप म्हणाली, "बाळांनो, जरा मागे व्हा. पुढच्या मुली चेंगरतील." मग दीपक, जवळून, मोठ्याने, "ए वॉचमन, बाजूला हो ना यार. तुझं थोबाड बघायला आलोय का इथे?" मग हसणं. बऱ्याच जणांचं होतं, पण त्यात सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठं, एक मुलगी खदखदून हसत होती. ते हसू बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ चाललं. त्याच्या शेवटावर तो पहिला आवाज पुन्हा आला, खालच्या पट्टीत. "सॉरी साहेब."

 पाचवं गाणं सुरू झालं होतं आणि ते बंद करायचं मला सुचेना. मी आईकडे पाहिलं. आई टेपकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. बाबा सतरंजीकडे. दीपक बावीस वर्षांचा होता. माझ्या बावन्न वर्षांच्या बापाने त्याला साहेब म्हटलं होतं आणि मी हसले होते, बापाचाच रेकॉर्डर छातीशी धरून.

सामंतकाका आनंदाने म्हणाले, "अहो, हा तर हुबेहूब तुमचा आवाज. बाळांनो काय, अगदी तेच."

आईने एका श्वासाचाही वेळ घेतला नाही. "कायतरीच काय काका. हे त्या दिवशी ओव्हरटाइमला होते. आणि वॉचमन सगळे असंच बोलतात." ती उठली, टेप बंद केली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. तिने चहा केला, चौघांना दिला, सामंतकाकांना दोन बिस्किटं दिली, आणि त्यांच्या भाचीच्या लग्नाचं विचारलं. इतकं सहज खोटं बोलताना मी आईला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. काका तृप्त होऊन गेले. दार लावल्यावर आई दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने विचारलं, "कधीपासून?"

बाबा म्हणाले, गणपतीपासून. कंपनीला टाळं लागलं होतं. महिनाभर ते रोज डबा घेऊन विक्रोळीला जात राहिले, गेटवर इतर कामगारांबरोबर बसत राहिले, उद्या उघडेल म्हणून. मग एका ओळखीने अंधेरीची सिक्युरिटी एजन्सी मिळाली. मुलुंडलाही काम होतं, पण इथे कुणी बघेल म्हणून नको म्हणाले. युनिफॉर्म तिथेच ठेवायचे. आई ओरडली नाही. मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला, एवढंच म्हणाली, आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या हसण्याबद्दल त्या खोलीत कुणीच एक अक्षर काढलं नाही. आईच्या कानाने ते ओळखलं नसेल हे शक्यच नव्हतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखा डबा भरला. बाबांच्या हातात देताना म्हणाली, "आता डबा कुठे जातोय ते सांगून जायचं." बाबा म्हणाले, अंधेरी, मंगल कार्यालय, लग्न आहे. ती म्हणाली, मग दुपारी तिथेच जेवा, हा संध्याकाळसाठी ठेवा.

दीपकला मी काही सांगितलं नाही. त्याच्या घरी जाणं थांबवलं, एवढंच. पण कॉपी त्याच्याकडे होती आणि त्याच्या कॉपीच्या कॉप्या निघत राहिल्या असणार, कारण ती एवढी वर्षं फिरून माझ्याच ओट्यावर आली. निखिलला सगळं सांगितलं तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. मग लहान मुलासारखा म्हणाला, मी आजोबांची नक्कल करत होतो. मी म्हटलं, तू निदान त्यांचा आवाज कधी ऐकलेला नव्हतास. त्याने सांगितलं की हल्ली सॉफ्टवेअरने नको ते आवाज काढून टाकता येतात, तो अल्बम ठेवणाऱ्याशी बोलेल, ती वीस सेकंदं अलगद गायब होतील, कुणाला कळणारही नाही. त्याला मदत करायची होती. मी त्याला नको म्हटलं. का, ते त्याला सांगितलं, तेच इथे सांगते.

त्या रविवारनंतर दहा-बारा दिवसांनी बाबा गॅलरीत बसून रेकॉर्डरचं हेड साफ करत होते, काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून. मी इतके दिवस त्यांच्या समोर यायचं टाळत होते. त्यांनीच हाक मारली, बाटली धर म्हणाले. मी बाटली धरून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तो गिटारवाला वाजवताना नक्की काय करायचा गं, सगळे एकदम हात वर का करायचे. मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, तुम्ही तर तिथेच होता, स्टेजच्या एवढ्या जवळ.

"आमची पाठ असते बाळा स्टेजकडे. वळून बघायची परवानगी नाही. आम्हाला नुसती तुमची तोंडं दिसतात."

म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं. संबंध वेळ.  मला रडू आवरेना, आणि मी जे इतके दिवस म्हणायचं ठरवत होते ते भलत्याच शब्दांत बाहेर पडलं. मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला हसले.

बाबा कापूस बदलत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "अगं, हसलीस म्हणून तर सापडलीस. चार गाणी मी तुलाच शोधत होतो. एवढी हजारो पोरं, रेटारेटी, अंधार, आणि तू कुठे दिसेना. मग तुझं हसू ऐकलं आणि म्हटलं, चला, इथेच आहे, समोरच. मग कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हललो नाही."